जवळा, तारली आणि व्हॉट्सॅपवरचा ऑक्सिजन

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर ८ जूनला, म्हणजे जागतिक महासागर दिनाला, एक निळाशार फॉरवर्ड येतो. तुमचा प्रत्येक दुसरा श्वास समुद्रातून येतो, प्लँक्टनचे (म्हणजे समुद्रात वाहत राहणाऱ्या जिवांचे) आभार माना, वगैरे. खाली हात जोडलेले इमोजी, मग आत्याचा अंगठा, काकांचा अंगठा, संपलं. मला तो वाचून दरवेळी चिडचिड होते, खोटा आहे म्हणून नाही, अर्धा खरा आहे म्हणून. प्लँक्टनबद्दल बहुतेकांना एवढंच माहीत असतं आणि माझ्या मते तीच गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात कमी कामाची आहे.

आधी खरं काय ते बघू. पृथ्वीवर वर्षभरात जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्यातलं साधारण निम्मं समुद्रात होतं आणि ते जवळपास सगळं फायटोप्लँक्टन करतात, म्हणजे वनस्पतींसारखं उन्हावर जगणारे एकपेशीय जीव. १९९८ साली ह्याचा एक नीट हिशोब मांडला गेला, सॅटेलाइटच्या आकड्यांवरून, त्यात जमीन आणि समुद्र मिळून वर्षाला साधारण १०५ अब्ज टन कार्बन बांधला जातो असं निघालं आणि त्यातले ४८ अब्ज टनांच्या आसपास एकट्या समुद्राचे. आता गंमत म्हणजे हे काम करणाऱ्यांचं एकूण वजन काढलं तर पृथ्वीवरच्या सगळ्या झाडाझुडपांच्या वजनाच्या एक टक्कासुद्धा भरत नाही. त्यांना खोड नाही, मुळं नाहीत, लाकूड साठवत बसायचं नाही, पेशी मोठी झाली की दुभंगते, आणि आठवडाभरात कुणीतरी येऊन खाऊन टाकतं. आख्खं पीक आठवड्यात संपतं आणि परत उभं राहतं.

ह्यातला एक जीव, प्रोक्लोरोकॉकस, १९८८ पर्यंत कुणाला माहीतच नव्हता. सॅली चिझम ह्या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सापडला. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षाही लहान, आणि संख्येने पृथ्वीवरचा सगळ्यात जास्त असलेला प्रकाशसंश्लेषण करणारा जीव. तोपर्यंत माणूस चंद्रावर जाऊन आलेला होता.

तर ऑक्सिजन तयार होतो हे खरं. पण तो बनतो तिथेच जवळपास सगळा वापरला जातो, त्याच समुद्रातले प्राणी आणि बॅक्टेरिया श्वसन करतात, मेलेलं कुजवतात, त्यात तो संपतो. हवेत आत्ता जो २१ टक्के ऑक्सिजन आहे तो कोट्यवधी वर्षांत अगदी थोडा थोडा उरत गेलेला साठा आहे, जेव्हा जेव्हा कुजायच्या आधी काही सेंद्रिय माल गाळात गाडला गेला तेव्हा तेव्हा तेवढा ऑक्सिजन शिल्लक पडला. त्यामुळे उद्या समजा सगळं प्रकाशसंश्लेषण बंद पडलं तरी श्वासापुरता ऑक्सिजन हजारो वर्षं पुरेल. आपण त्याच्या कितीतरी आधी उपाशी मरू. म्हणजे आभार मानायचेच असतील तर ताटाकडे बघून माना, नाकाकडे नको.

ताटाचं म्हणते कारण आपल्याकडे, निदान आमच्या रायगडच्या बाजूला, लोक प्लँक्टन थेट खातात. जवळा! प्लँक्टन म्हणजे मायक्रोस्कोपखालची काहीतरी वस्तू असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं, पण प्लँक्टन असायला बारीक असायला पाहिजे अशी अटच नाही. अट एकच, प्रवाहाच्या विरुद्ध जाण्याइतकं पोहता येत नाही, पाणी नेईल तिकडे जायचं. म्हणून टोपलीएवढी जेलीफिश पण प्लँक्टन आणि आपला तो पारदर्शक, दोन काळे ठिपके डोळ्यांचे असलेला जवळा पण प्राणीप्लँक्टनमधेच मोडतो. शास्त्रीय नाव अ‍ॅसिटेस. आणि तो पकडायची जी पद्धत आहे ना, डोल जाळ्याची, ती बघितली की कळतं की कोळी लोकांना ही व्याख्या पुस्तकाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. डोल ओढत नाहीत, माशाच्या मागे जात नाहीत. समुद्रात जाळं एका जागी बांधून ठेवायचं, तोंड प्रवाहाकडे, आणि भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर जे वाहत येईल ते आत. उधाणाला पाण्याला ओढ जास्त तेव्हा माल जास्त, भांगाला, म्हणजे ओढ कमी असते तेव्हा, कमी. वाहून येणारा जीव पकडायला दुसरं काही करायची गरजच नाही.

हाच जवळा बोंबील खातो. म्हणजे बोंबीलसुद्धा शेवटी प्लँक्टनचाच. आणि तारलीचं तर आणखी सरळ आहे, ती मधली पायरी गाळून डायटम खाते. डायटम म्हणजे काचेच्या कवचातले फायटोप्लँक्टन, अक्षरशः काच, सिलिका. १९५५ साली नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी एक निरीक्षण मांडलं होतं, की केरळच्या किनाऱ्यावर फ्रॅजिलेरिया ओशनिका नावाचा एक विशिष्ट डायटम भरपूर झाला की तारली भरपूर येते. नुसतं "पाणी हिरवं झालं की मासा" असं नाही हं, अमुक एक डायटम. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं ह्याच्याभोवती आहे: समुद्रात प्लँक्टन किती आहे ह्यापेक्षा कोणतं आहे आणि कधी आहे ह्यावर सगळं ठरतं. मासा मिळणार का, कार्बन खाली जाणार का, पाणी सडणार का.

तारलीचं केरळमधे काय झालं ते बऱ्याच जणांनी पेपरात वाचलं असेल. २०१२ ला एका वर्षात जवळपास चार लाख टन, आणि २०२१ ला साडेतीन हजार टनांच्या आत. टायपिंगची चूक नाहीये, लाखावरून हजारावर. ह्यात बेसुमार मासेमारी आहे, पिल्लं उचलणं आहे, एल निनो आहे, सगळं प्लँक्टनच्या माथी मारता येणार नाही. पण तारली हा असा मासा आहे की वर्षभरात मोठा होतो, दोन-अडीच वर्षं जगतो, त्यामुळे लागोपाठ दोन पावसाळ्यांत पिल्लांना योग्य वेळी योग्य खाणं मिळालं नाही तर साठा कोसळायला वेळ लागत नाही. आणि आपल्याकडे बांगडा-तारलीच्या भावावर घरातलं वातावरण ठरतं त्यामुळे हे लांबचं विज्ञान वगैरे अजिबात नाही.

आता अरबी समुद्राबद्दल थोडं लांबून सांगते, कारण हा समुद्र प्लँक्टनच्या बाबतीत जगात वेगळा आहे. बहुतेक उष्ण समुद्र निळे आणि उपाशी असतात. वरचं पाणी उन्हाने तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, आणि नायट्रेट-फॉस्फेटसारखं सगळं खत त्या खालच्या पाण्यात अडकतं. बादलीत आधी नळाचं गार आणि वरून हळूच गिझरचं गरम सोडलं की हात घालून ढवळेपर्यंत जसं वर चटका आणि तळाला गार राहतं तसं. ऊन वर, खत खाली, भेट नाही. अरबी समुद्रात मात्र हे ढवळायला वर्षातून दोनदा कुणीतरी येतं.

एकदा आपला मान्सून. जून ते सप्टेंबर सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर इतका जोराचा वारा वाहतो की वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. सोमालियाजवळ ऐन जुलैत काही ठिकाणी समुद्राचं तापमान २० डिग्रीच्या खाली उतरतं, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ! त्या पाण्याबरोबर खत वर येतं आणि समुद्र हिरवा होतो. आपल्या बाजूला, केरळ-कर्नाटक आणि गोव्यापर्यंत, हेच कमी जोरात होतं. म्हणजे जो वारा आपल्याकडे पाऊस आणतो तोच समुद्रातपण पेरणी करतो, आणि बऱ्याच माशांची वीण त्याच महिन्यांत का असते हे त्यावरून कळतं. माशांची अंडी आणि पिल्लं, खेकड्याची पिल्लं, कालवांची पिल्लं, हे सगळे जन्मानंतर काही दिवस ते काही आठवडे प्लँक्टनच असतात, वाहत राहतात आणि आपल्याहून बारीक प्लँक्टन खातात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीवरून किनाऱ्यावर दरवर्षी भांडणं होतात, कुणाची बोट आत, कुणाची बाहेर, पण बंदीचं मूळ तिथे आहे.

दुसऱ्यांदा हिवाळ्यात. हे आधी कुणाच्या फारसं लक्षात नव्हतं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडून जमिनीवरचा कोरडा गार वारा समुद्रावर येतो, पाण्याची वाफ होते, वरचा थर थंड होऊन जड होतो आणि स्वतःच खाली बुडतो, मग खालचं खतवालं पाणी वर. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतल्या मधुप्रताप, प्रसन्न कुमार वगैरे मंडळींनी १९९६ साली नेचरमधे हे मांडलं. दोना पावलाला टेकडीवर जी संस्था दिसते ना तीच, जिच्या बाजूने सगळे जेटीवर फोटो काढायला जातात. १९६६ सालची आहे. एक उष्ण कटिबंधातला समुद्र हिवाळ्यात थंडीमुळे हिरवा होतो हे जगात फार कुठे होत नाही.

ह्या सगळ्या हिरवळीचं पुढे काय होतं? बरीचशी खाल्ली जाते. कोपेपॉड नावाचे तांदळाच्या कणीपेक्षाही लहान प्राणी खातात, त्यांना मासे खातात. हे कोपेपॉड आणि त्यांच्यासारखे बाकीचे रोज रात्री चरायला वर येतात आणि उजाडायच्या आत काहीशे मीटर खाली अंधारात पळतात, कारण उजेडात मासे त्यांना बघतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाच्या सोनारला समुद्राचा एक खोटाच तळ दिसायचा जो दिवसा खाली जायचा आणि रात्री वर यायचा, पाणबुड्या शोधणारे चक्रावले होते. तो तळ म्हणजे हीच जनता. प्राण्यांचं जगातलं सगळ्यात मोठं स्थलांतर हे आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत नाही, रोज रात्री समुद्रात होतं.

आणि ह्यातच हवामानाची खरी गोष्ट आहे. वर खाऊन खाली जाऊन विष्ठा टाकणं, मेलेल्या पेशींचे चिकट पुंजके खाली पडणं, कवचं बुडणं, ह्यातून दरवर्षी काही अब्ज टन कार्बन उजेडाच्या थरातून खाली अंधारात जातो. अंदाज वेगवेगळे आहेत, ५ पासून १२ अब्ज टनांपर्यंत. त्यातला बहुतेक वाटेतच बॅक्टेरिया खातात आणि परत विरघळवतात, तळाच्या गाळापर्यंत अगदी थोडा पोचतो. पण हजार मीटर खाली विरघळलेला कार्बन शेकडो वर्षं वर हवेत येत नाही, एवढं पुरतं. ही व्यवस्था पूर्ण बंद पडली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड दीडशे ते दोनशे पीपीएमने (हवेच्या दर दहा लाख भागांत तेवढे भाग) जास्त असता असा हिशोब आहे. आत्ता तो ४२० च्या वर आहे आणि एवढ्यावरच आपली काय अवस्था आहे ते एप्रिल-मेमधे बघतोच.

इथेपण एक फॉरवर्डी गैरसमज आहे तो सांगून टाकते. आपण जो धूर सोडतो त्यातला साधारण पाव भाग समुद्र शोषतो हे खरं, पण ते मुख्यतः पाण्यात गॅस विरघळतो म्हणून, केमिस्ट्री. प्लँक्टन आपल्या धुरामुळे जास्त काम करायला लागले असं नाही, कारण त्यांना कार्बनचा तुटवडा कधी नव्हताच, तुटवडा असतो नायट्रेटचा, लोहाचा, सिलिकाचा. ते आपलं आधीपासूनचं काम करत राहतात. ते काम बिघडलं तर मात्र भारी पडेल. बरं विरघळलेल्या गॅसने पाणी थोडं थोडं आम्लाकडे सरकतंय ते वेगळंच, चुन्याची कवचं बांधणाऱ्यांना ते जड जातं.

गाळावरून आठवलं. ह्या चुन्याच्या कवचांपैकी एक फोरॅमिनिफेरा नावाचे प्राणीप्लँक्टन असतात, त्यातली ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही जात ओमानच्या बाजूला खालचं थंड पाणी वर येतं तेव्हाच जोरात वाढते. म्हणजे मान्सूनचा वारा जोरात तर ती जास्त. मेल्यावर कवच तळाला. मग समुद्राच्या तळात नळी घुसवून गाळाचा लांब दंडगोल काढायचा आणि थरांमधली ही कवचं मोजायची, की हजारो वर्षांपूर्वी कोणत्या काळात मान्सून कसा होता ते कळतं. हवामान खात्याच्या वह्या दीडशे वर्षांच्या, ह्यांच्या लाखो वर्षांच्या. मला ही पूर्ण विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते पण हिचा फॉरवर्ड कुणी करत नाही.

असो. आता वाईट बाजू, कारण प्लँक्टन म्हणजे चांगलं आणि जास्त प्लँक्टन म्हणजे जास्त चांगलं असं समजून चालत नाही. जे खाली पडतं ते कुजतं आणि कुजायला ऑक्सिजन लागतो. अरबी समुद्रात वर इतकं पिकतं आणि खाली पाण्याची अदलाबदल इतकी हळू, की साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत ऑक्सिजन जवळपास नाहीच, आणि हा जगातल्या सगळ्यात मोठ्या अशा पट्ट्यांपैकी एक आहे. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरला, असं पाणी अगदी गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या उथळ भागातही तळाशी येऊन बसतं आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच सडक्या अंड्याच्या वासाचा. कांदोळीसमोर समुद्रात गोव्याच्या त्या समुद्र विज्ञान संस्थेची वर्षानुवर्षं मोजमाप घ्यायची ठरलेली जागा आहे, शॅकमधे बसून जे पाणी दिसतं तेच. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की अशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइड भरपूर सुटतो, जो उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट जड आहे. म्हणजे कार्बन खाली नेला म्हणून टाळ्या वाजवाव्यात तर दुसरीकडून हे. शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणी नद्यांमधून येतं ते ह्यात भर घालतं.

आणि मग ते चमकणारं पाणी. २०२० च्या हिवाळ्यात, लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर, जुहूपासून सिंधुदुर्गपर्यंत आणि खाली कर्नाटकात लाटा रात्री निळ्या चमकतायत म्हणून रील्सचा पूर आला होता, आठवत असेल. गाड्या करून लोक देवगडला गेले. आमच्या मामाला विचारलं तर तो म्हणाला, "अगं ते नेहमीचंच आहे, जाळं ओढताना हात चमकतात, तुम्हाला आत्ता दिसलं होय." ते नॉक्टिल्युका. एकच पेशी पण अर्ध्या-एक मिलिमीटरची, नुसत्या डोळ्यांना दिसणारी, धक्का लागला की उजेड टाकते. आपल्याकडे ती होतीच. पण साधारण २००० नंतर उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात जिथे आधी डायटम व्हायचे तिथे हिचा हिरवा प्रकार प्रचंड प्रमाणात यायला लागला, सॅटेलाइटवरून हिरवी वेटोळी दिसतात इतका. हिरवी का, तर हिच्या पोटात हजारो हिरवे पाहुणे राहतात, ते उन्हावर अन्न बनवून हिला देतात, आणि शिवाय ही बाहेरचे डायटमपण खाते. दोन्हीकडून कमाई. हिला खाणारे कमी, साल्प नावाचे पारदर्शक प्राणी आणि जेलीफिशसारखे, आणि त्यांचा आपल्याला जेवायला उपयोग शून्य. म्हणजे समुद्र तेवढाच हिरवा, सॅटेलाइटला क्लोरोफिल भरपूर, पण साखळी माशाकडे जायच्या ऐवजी जेलीकडे वळली.

हे का झालं ह्यावर मात्र एकमत नाही आणि भांडण बघण्यासारखं आहे. हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस, दोघं मूळचे गोव्याचे आणि आता अमेरिकेत, त्यांनी २०१४ ला मांडलं की कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकतंय आणि नॉक्टिल्युकाच्या त्या पाहुण्यांना तसं पाणी मानवतं. २०२० ला ते आणखी पुढे गेले: हिमालय-तिबेटवरचा बर्फ कमी होतोय, म्हणून हिवाळ्यातला तो वारा कमी थंड आणि दमट झालाय, पाणी नीट ढवळलं जात नाही, खत कमी येतं, डायटम उपाशी राहतात आणि दोन्हीकडून कमावणारी जिंकते. ऐकायला एकदम चपखल. पण ऑक्सिजनच्या मुद्द्यावर हैदराबादच्या इन्कॉइस ह्या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ लाच दाखवलं होतं की नॉक्टिल्युका फुललेली त्यांनी बघितली तिथे पाण्यात ऑक्सिजन व्यवस्थित होता. मला स्वतःला बर्फाचा मुद्दा पटतो आणि ऑक्सिजनचा जरा कमी, पण माझ्या पटण्याने समुद्राला काय फरक पडतो.

ह्याच गोएस यांनी २००५ ला सांगितलं होतं की बर्फ वितळल्याने जून-सप्टेंबरच्या मान्सूनचा वारा वाढतोय आणि पश्चिम अरबी समुद्रात त्या महिन्यांतले फायटोप्लँक्टन सात वर्षांत साडेतीन पटींनी वाढलेत. पुढच्या काही वर्षांचा डेटा जोडल्यावर ती वाढ टिकली नाही. आणि २०१६ ला आपल्या पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने उलटं दाखवलं, पश्चिम हिंद महासागरात सहा दशकांत फायटोप्लँक्टन २० टक्क्यांपर्यंत कमी झालेत, कारण तो भाग शंभर-एक वर्षांत जून-सप्टेंबरमधे सव्वा डिग्रीच्या आसपास तापलाय आणि तो वरचा गरम थर आणखी घट्ट झालाय. एकाच समुद्राबद्दल दहा-अकरा वर्षांत दोन टोकाची उत्तरं. काही लोक ह्यावर म्हणतात बघा, शास्त्रज्ञांना काही कळत नाही. मला उलट वाटतं, सात वर्षांचा डेटा आणि साठ वर्षांचा डेटा ह्यांत एवढा फरक पडतो हे कळणं हेच मोठं आहे. आणि २००५ ला सॅटेलाइटवरून सतत क्लोरोफिल मोजायला सुरुवात होऊनच, १९९७ पासून, आठ वर्षं झाली होती.

आता शेवटी ते लोहाचं प्रकरण, कारण हे सांगितल्याशिवाय "कोणतं प्लँक्टन" हा मुद्दा पूर्ण होत नाही. जॉन मार्टिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८८ ला अर्ध्या मस्करीत म्हटलं होतं की मला अर्धा टँकर लोह द्या, मी तुम्हाला हिमयुग देतो. कारण अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात बाकी सगळं खत असूनही फायटोप्लँक्टन कमी असतात, लोह नाही म्हणून. तर लोह टाका, प्लँक्टन वाढवा, कार्बन खाली पाठवा, हवामान बदल मिटला! लोकांनी करून बघितलं. २००४ ला जर्मनीच्या पोलारस्टर्न जहाजाने एक प्रयोग केला, डायटम फुलले, आणि त्या बहराचा निदान निम्मा भाग हजार मीटरच्या खाली बुडाला. जमलं म्हणायचं. मग २००९ ला तेच जहाज, ह्यावेळी गोव्याची आपली संस्था आणि जर्मन मिळून, प्रयोगाचं नाव लोहाफेक्स. आधी पर्यावरणवाल्यांचा विरोध, जर्मन मंत्रालयांतच आपसात वाद, जहाज निघून गेलेलं आणि परवानगी अडकलेली, मग मिळाली. ३०० चौरस किलोमीटरच्या भोवऱ्यात लोह सोडलं. फायटोप्लँक्टन वाढले, पण त्या पाण्यात सिलिका नव्हतं त्यामुळे डायटम झालेच नाहीत, दुसरेच बिनकवचाचे बारीक जीव झाले, ते कोपेपॉडनी खाऊन टाकले, कोपेपॉडना त्यांच्याहून मोठ्या अ‍ॅम्फिपॉडनी खाल्लं, आणि कार्बन खाली फारसा गेलाच नाही. तेच लोह, तोच दक्षिण महासागर, फक्त एका ठिकाणी काचेच्या कवचाला माल होता आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हता.

तरी २०१२ ला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोर एका अमेरिकन उद्योजकाच्या पुढाकाराने समुद्रात सुमारे १०० टन लोहयुक्त भुकटी ओतली गेली, सॅमन वाढतील आणि कार्बन क्रेडिट विकू म्हणून. कुणाची धड परवानगी नाही. हा असा धंदा परत येणार, नव्या नावाने येणार, आणि त्यांच्या प्रेझेंटेशनमधे पहिल्या स्लाइडवर तोच श्वासवाला फॉरवर्ड असणार ह्याची मला खात्री आहे. त्यांना एक प्रश्न विचारायचा, कोणतं प्लँक्टन उगवणार आणि त्याला कोण खाणार. लोहाफेक्सवरच्या लोकांना जहाजभर तज्ज्ञ असूनसुद्धा ते आधी सांगता आलं नव्हतं.

हा प्रश्न आपल्याकडच्या मच्छीमारांना पण पडतो, वेगळ्या शब्दांत. इन्कॉइस सॅटेलाइटवरून समुद्राचं तापमान आणि हिरवेपणा बघून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे त्याचे इशारे देते, मराठीतपण, मोबाइलवर येतात. ओशनसॅट मालिकेचे आपले उपग्रह ह्याच कामाचे, पहिला १९९९ ला गेला, तिसरा २०२२ च्या नोव्हेंबरमधे. मामा ते मेसेज बघतो, डिझेल किती जळेल ते बघतो आणि मग स्वतःच्या मनाप्रमाणे जातो. त्याचं म्हणणं, "हिरवं पाणी दाखवतात, पण हिरव्यात मासाच असेल असं कुठाय." बरोबर आहे त्याचं. मोजक्या रंगपट्ट्यांवरून क्लोरोफिल किती ते कळतं, तो डायटम आहे का नॉक्टिल्युका हे ओळखायला जास्त कष्ट पडतात. नासाने २०२४ च्या फेब्रुवारीत पेस नावाचा उपग्रह सोडलाय, तो पाण्याचा रंग फार बारीक छटांमधे मोडून बघतो, आणि त्याचा एक हेतूच हा आहे की वरून बघून कोणत्या गटाचे फायटोप्लँक्टन आहेत ते वेगळं करता यावं. त्याचा डेटा सगळ्यांना खुला आहे. उत्तर अरबी समुद्रातली हिरवी वेटोळी जानेवारी ते मार्चमधे दिसायला लागतात, ढग नसतात त्यामुळे चित्रं स्वच्छ मिळतात, ह्या हिवाळ्यात मी ती उघडून बघणार आहे आणि मामाला पण पाठवणार आहे. फॅमिली ग्रुपवर नाही, वेगळी.